समुद्रातल्या पडसादापासून सांध्यांच्या सोनोग्राफीपर्यंत : पॉल लाँजव्हँ

सोनोग्राफी म्हटले की गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या वस्त्यांत आजही प्रथम डोळ्यांसमोर उभी राहते ती गरोदर स्त्री. सोनोग्राफी केंद्राच्या दर्शनी भागी गर्भलिंगनिदान केले जात नसल्याचा फलक कायद्याने बंधनकारक असल्याने हा समज अधिकच पक्का होतो. जरीकामाच्या लाकडी चौकटीवर तासन्‌तास ओणवे बसणाऱ्या कारागिराला किंवा देवनारच्या कचराभूमीवर भंगार वेचणाऱ्या बाईला डॉक्टरांनी खांद्याची अथवा मनगटाची सोनोग्राफी लिहून दिली, की बुचकळ्यात पडण्यासारखीच गोष्ट. कोणाला हा क्ष-किरणांचाच एखादा प्रकार वाटतो, कोणाला तो व्यायामोपचार केंद्रातला शेक वाटतो, तर कोणाला या यंत्रातून शरीरातले सगळेच दिसेल अशी खात्री असते. या तिन्ही समजांचे उत्तर एकाच माणसाच्या कार्यात सापडते. तो डॉक्टर नव्हता. रुग्णालयाशी त्याचा फारसा संबंधही आला नाही. पाण्याखाली दडलेली पाणबुडी शोधण्यासाठी त्याने कानाला ऐकू न येणारा आवाज निर्माण केला आणि त्याचा पडसाद टिपला. पॉल लाँजव्हँ हे त्याचे नाव.

लाँजव्हँ यांचा जन्म २३ जानेवारी १८७२ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील बांधकामांची मोजणी करून त्यांचे मूल्य ठरविण्याचे काम करीत. घरची परिस्थिती बेताची. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८८८ मध्ये, मुलाने पॅरिसच्या औद्योगिक भौतिकी व रसायनशास्त्र विद्यालयात प्रवेश मिळविला. हे विद्यालय पॅरिस शहराच्या नगरपालिकेने १८८२ मध्ये सुरू केले होते. ज्या शहरात महापालिकेची शाळा म्हटले की नाके मुरडली जातात, तेथील वाचकांनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. पिएर आणि मेरी क्युरी यांनी रेडियमचा शोध लावला तो याच नगरपालिका विद्यालयाच्या गळक्या छपराखाली.

विद्यालयात प्रयोगशाळेचे काम शिकविणारे शिक्षक होते पिएर क्युरी. त्यांच्या नावावर तेव्हा रेडियम नव्हते. होता तो स्फटिकांचा एक शोध. १८८० मध्ये पिएर आणि त्यांचे थोरले बंधू जाक यांनी दाखवून दिले होते, की क्वार्ट्‌झसारखा स्फटिक विशिष्ट दिशेने दाबला तर त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार निर्माण होतो. पुढच्याच वर्षी त्याची उलट बाजूही सिद्ध झाली. स्फटिकाला विद्युतदाब दिला की तो किंचित आकुंचन-प्रसरण पावतो. त्या काळी या गुणधर्माचा उपयोग अतिसूक्ष्म विद्युतभार मोजण्यापलीकडे कोणाला सुचला नव्हता. तो शिष्याला सुचला, पण त्यासाठी एक महायुद्ध यावे लागले.

विद्यालयातून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडून लाँजव्हँ एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत गेले. १८९७ मध्ये शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांच्याकडे दाखल झाले. इलेक्ट्रॉनचा शोध त्याच वर्षी, त्याच प्रयोगशाळेत लागला. तेथे त्यांना अर्नेस्ट रदरफोर्डसारखा मित्र लाभला. परतल्यावर आयनीभूत वायूंवर प्रबंध लिहून १९०२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १९०५ मध्ये चुंबकत्वाचा त्यांचा सिद्धांत प्रसिद्ध झाला आणि तो आजही त्यांच्याच नावाने शिकविला जातो. पिएर क्युरी सोर्बोन विद्यापीठात गेल्यावर नगरपालिका विद्यालयातील त्यांची जागा लाँजव्हँ यांच्याकडे आली. १९०९ मध्ये ते कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले. आइनस्टाइन यांचा सापेक्षतावाद फ्रान्समध्ये रुजविण्याचे श्रेय मुख्यतः त्यांच्याकडे जाते. वेगाने प्रवास करून परतलेला मनुष्य घरी राहिलेल्यापेक्षा कमी वयाचा ठरेल, हे जुळ्या भावांचे सुप्रसिद्ध कोडे त्यांच्याच १९११ मधील व्याख्यानातून पुढे आले.

तेच १९११ साल त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कटू ठरले. १९०६ मध्ये पिएर क्युरी रस्त्यावरील अपघातात दगावले होते. त्यानंतर काही वर्षांनी विधवा मेरी क्युरी आणि विवाहित, चार मुलांचे पिता असलेले लाँजव्हँ यांच्यात जवळीक निर्माण झाली. लाँजव्हँ यांचा संसार आधीच विसंवादाने ग्रासलेला होता. दोघांची खासगी पत्रे चोरीला गेली आणि त्यातील मजकूर वृत्तपत्रांत छापला गेला. मेरी क्युरींना दुसरे नोबेल पारितोषिक जाहीर झाले त्याच दिवसांत पॅरिसची काही वृत्तपत्रे त्यांना परकीय, घरफोडी बाई ठरवीत होती. संतापलेल्या लाँजव्हँ यांनी गुस्ताव्ह तेरी या संपादकाला द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. नोव्हेंबरमधील एका सकाळी दोघे पिस्तुले घेऊन समोरासमोर उभे राहिले. तेरीने पिस्तूल उचललेच नाही, तेव्हा लाँजव्हँ यांनीही गोळी झाडली नाही. वृत्तपत्रांच्या इतिहासातील हे पान अभिमानाचे नाही. मेरी क्युरींनी त्याची किंमत दीर्घ आजारपणाने मोजली. दोघांचे सख्य पुढे सहकाऱ्यांच्या स्नेहापुरते उरले आणि तो स्नेह अखेरपर्यंत टिकला.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. जर्मन पाणबुड्यांनी दोस्त राष्ट्रांची जहाजे बुडविण्याचा सपाटा लावला. पाण्याखाली प्रकाश थोड्या अंतरातच विरतो, रेडिओलहरी तर त्याहून लवकर. दूरवर जाऊ शकतो तो केवळ ध्वनी. १९१२ मध्ये टायटॅनिक हिमनगावर आदळल्यापासून पाण्यातील अडथळा ध्वनीने शोधण्याच्या कल्पना पुढे येतच होत्या. कॉन्स्टँटिन शिलोव्स्की या रशियन अभियंत्याने १९१५ मध्ये अतिउच्च कंप्रतेचा ध्वनी वापरण्याची योजना फ्रेंच सरकारला सादर केली आणि ती तपासण्यासाठी लाँजव्हँ यांच्याकडे आली.

कंप्रता उच्च का हवी, हे समजणे सोनोग्राफी करून घेणाऱ्या रुग्णाच्याही कामाचे आहे. ध्वनीची लहर जितकी लांब, तितकी ती चहूकडे पसरते आणि लहान वस्तूला वळसा घालून पुढे जाते. लहर आखूड केली की ती बॅटरीच्या झोताप्रमाणे सरळ जाते आणि वस्तूवर आपटून परत फिरते. मनुष्याला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. लाँजव्हँ यांनी सुमारे ४० हजार कंपनांचा ध्वनी निवडला. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला दीड हजार मीटर धरला, तर अशा लहरीची लांबी चार सेंटिमीटरांहूनही कमी भरते. पाणबुडीच्या मानाने ती कितीतरी लहान.

पहिले प्रयोग पॅरिसमध्ये सीन नदीच्या पात्रातच झाले. अभ्रकाचा उपयोग केलेल्या एका साधनाने ध्वनी पाठवायचा आणि कार्बनच्या मायक्रोफोनने ऐकायचा, असा बेत होता. पोलादी पत्र्यावरून परतलेला पडसाद मिळाला, पण साधन बेभरवशाचे होते. पुढे काम तूलाँ येथील नौदलाच्या तळावर हलविण्यात आले. तेथे १९१७ मध्ये लाँजव्हँ यांना आपल्या गुरूचा क्वार्ट्‌झ आठवला. एकच स्फटिक दोन्ही कामे करू शकत होता. विद्युतदाब दिला की तो थरथरून ध्वनी सोडणार, आणि परतलेल्या ध्वनीने तो दाबला गेला की त्यातून विद्युतसंकेत उमटणार. बोलणारे तोंड आणि ऐकणारा कान एकच झाले. हव्या त्या कंप्रतेला मोठा क्वार्ट्‌झ मिळणे अशक्य होते, म्हणून त्यांनी क्वार्ट्‌झच्या पातळ चकत्यांचा थर दोन पोलादी पाट्यांमध्ये बसविला. १९१८ च्या आरंभी समुद्रात बुडी मारलेल्या पाणबुडीचे पडसाद या साधनाने स्पष्ट टिपले. सागरी युद्धात त्याचा मोठा वापर होण्यापूर्वीच नोव्हेंबरमध्ये युद्ध संपले.

शांततेच्या काळात हेच तंत्र समुद्राची खोली मोजू लागले. कोकण किनाऱ्यावरील अनेक यांत्रिक नौकांवर माशांचे थवे दाखविणारे जे यंत्र बसविलेले असते, ते याच कुळातले.

तूलाँच्या प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट दिसून आली. ध्वनी सोडणाऱ्या क्वार्ट्‌झच्या अगदी जवळून जाणारे लहान मासे मरत, आणि तेथे पाण्यात हात घातला तर तीव्र वेदना होत. ऐकू न येणारा हा आवाज पुरेसा जोरकस केला तर जिवंत पेशींवर परिणाम करतो, हे प्रथमच ध्यानात आले. रॉबर्ट वुड हे अमेरिकी वैज्ञानिक तेथे पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी मायदेशी आल्फ्रेड लूमिस यांच्यासह हा अभ्यास पुढे नेऊन १९२७ मध्ये प्रसिद्ध केला. वैद्यकशास्त्रात अल्ट्रासाउंड प्रथम आला तो या उष्णता देणाऱ्या, परिणाम करणाऱ्या रूपात. चित्र काढण्याचे रूप नंतरचे. व्यायामोपचार केंद्रात दुखऱ्या गुडघ्यावर गोलसर डोके फिरवून जो शेक दिला जातो, तो पहिल्या रूपाचा वारसा. पद्माकर लेले यांनी १९६२ मध्ये एका बिंदूवर एकवटलेल्या अतिध्वनीने आसपासच्या भागाला धक्का न लावता ऊतीत नेमका परिणाम घडविण्याची सोपी पद्धत मांडली, तीही याच धारेतली. शेक देणारे यंत्र चित्र दाखवीत नाही आणि सोनोग्राफीचे यंत्र शेक देत नाही. दोन्हींना अल्ट्रासाउंड म्हणतात म्हणून घोटाळा होतो. शेक घेतला म्हणजे तपासणी झाली, असे समजून सोनोग्राफी टाळणे चुकीचे ठरेल.

मग तपासणीच्या सोनोग्राफीने अपाय होतो काय? तूलाँच्या माशांची गोष्ट वाचून हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तपासणीत ध्वनीचे अतिशय अल्पकाळाचे ठोके पाठविले जातात आणि यंत्र बहुतेक वेळ केवळ ऐकत असते. ऊती किती तापू शकते आणि तिच्यावर किती ताण येऊ शकतो, याचे दोन निर्देशांक यंत्राच्या पडद्यावर दिसत राहतात. क्ष-किरण किंवा सीटी स्कॅनमध्ये असतो तसा किरणोत्सर्ग यात मुळीच नसतो, त्यामुळे आवश्यक असेल तर ही तपासणी पुनःपुन्हा करता येते. शरीरात पेसमेकर किंवा धातूची पट्टी असली तरी अडचण नाही.

लाँजव्हँ यांना स्वतःला मानवी शरीर पाहण्याची कल्पना सुचली होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तो टप्पा इतरांनी ओलांडला. व्हिएन्नाचे मज्जाविकारतज्ज्ञ कार्ल दुसिक यांनी १९४२ मध्ये मेंदूचे चित्र अतिध्वनीने मिळविल्याचा दावा केला. त्या चित्रात मेंदूपेक्षा कवटीचेच प्रताप अधिक होते, असे नंतर निष्पन्न झाले. हाडापुढे ध्वनी हात टेकतो, हा धडा त्यातून मिळाला आणि तो आजही लागू आहे. १९५८ हे वर्ष मात्र फळले. ग्लासगोचे इयान डोनाल्ड यांनी पोटातील गाठी आणि गर्भ यांची चित्रे प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत गेलेल्या दुसिक यांनी सहकाऱ्यांसह सांध्याभोवतीच्या ऊतींवर अतिध्वनीचे मापन मांडले. सांधे आणि स्नायूंच्या सोनोग्राफीचा आरंभ तेथून धरतात. १९७२ मध्ये गुडघ्यामागची पाण्याची गाठ आणि पायाच्या शिरेतील रक्ताची गुठळी यांतील फरक या तपासणीने ओळखता येतो, असे दाखविले गेले. पोटरी सुजून आलेल्या रुग्णाच्या दृष्टीने हा फरक जिवाशी संबंधित आहे, कारण दोन्हींचे उपचार सर्वस्वी भिन्न. १९८० च्या सुमारास ऑस्ट्रियातील राइनहार्ड ग्राफ यांनी तान्ह्या बाळाचा निखळलेला खुबा वेळीच ओळखण्याची पद्धत दिली.

आजच्या यंत्रात क्वार्ट्‌झच्या जागी चिनी मातीच्या जातीचे कृत्रिम स्फटिकद्रव्य असते. कंप्रताही फार वाढली. सांध्यांसाठी साधारणपणे सेकंदाला ५० लाख ते पावणेदोन कोटी कंपने वापरतात. एक कोटी कंपनांच्या लहरीची लांबी शरीरात मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी होते. म्हणूनच स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेतील बारीक धागेही दिसू शकतात. एक किलोमीटरवरच्या पाणबुडीचा पडसाद परतायला सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागत असे. दोन सेंटिमीटर खोल असलेल्या कंडरेचा पडसाद सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत मोजला तर असे सव्वीस भाग घेतो. तत्त्व तेच. पण कंप्रता वाढली की लहर खोलवर पोहोचत नाही, हाही निसर्गाचा नियम. त्वचेलगतचे मनगट, बोटे, घोटा, खांदा स्पष्ट दिसतात. स्थूल माणसाच्या खुब्याचा आतला भाग अस्पष्ट राहतो.

रुग्णाने नेमके काय अपेक्षावे, हे येथून समजते. खांद्याच्या कंडरेची फाटलेली जागा, सांध्यात साठलेले पाणी, स्नायूला बसलेला हिसका, मनगटावरची गाठ, मनगटात दबून हाताला मुंग्या आणणारी नस या गोष्टी सोनोग्राफी चांगल्या दाखविते. हाडाच्या आत काय चालले आहे, ते तिला दिसत नाही. गुडघ्याच्या आतील चकती आणि एकमेकींना छेदणाऱ्या दोऱ्या यांसाठी बहुधा एमआरआय लागतो, आणि हाड मोडल्याची शंका असेल तर पहिला मान साध्या क्ष-किरण चित्राचाच. सोनोग्राफीत काही आढळले नाही म्हणजे दुखणे खोटे, असा अर्थ घरच्यांनीही काढू नये. उलट बाजूही आहे. वाढत्या वयात खांद्याची कंडरा थोडीफार विरलेली असणे सर्रास आढळते आणि अशा कित्येकांना काहीही दुखत नसते. अहवालात फाटल्याचा उल्लेख दिसताच शस्त्रक्रियेच्या भीतीने हादरून जाण्याचे कारण नाही. अहवाल आणि प्रत्यक्ष दुखणे यांची सांगड घालणे हे डॉक्टरांचे काम.

यात सर्वांत महत्त्वाचा आहे तो तपासणाऱ्याचा हात. समुद्रात पडसाद आला तरी तो पाणबुडीचा की माशांच्या थव्याचा, हे अनुभवी कानच ओळखत असे. सांध्यांच्या बाबतीतही तसेच घडते. कंडरेचे धागे सरळ रेषेत असतात. त्यांवर ध्वनी थोडा तिरका पडला तरी पडसाद दुसरीकडे जातो आणि निरोगी कंडरा पडद्यावर काळी, फाटल्यासारखी भासते. धाग्यांच्या दिशेचा हा परिणाम दुसिक यांच्या १९५८ च्या मापनांतही नोंदला गेला होता. जाणकार डॉक्टर म्हणूनच यंत्राचे टोक हलकेच कलते करून पुन्हा पाहतात, हात वर-खाली करायला लावतात, दुखऱ्या जागी दाबून विचारतात, दुसऱ्या बाजूचा निरोगी सांधाही तपासतात. तो वेळकाढूपणा नव्हे. पोटाच्या सोनोग्राफीसारखे उपाशी राहण्याची किंवा पाणी पिऊन थांबण्याची या तपासणीसाठी गरज नसते. कपडे सैल असावेत, जुनी क्ष-किरण चित्रे आणि अहवाल सोबत असावेत आणि दुखणे कोणत्या हालचालीने वाढते ते नीट सांगावे. त्वचेवर लावलेला थंडगार जेल औषध नसतो. यंत्राचे टोक आणि त्वचा यांमध्ये राहिलेली हवा ध्वनी अडविते, म्हणून तो लागतो. केंद्र नोंदणीकृत आहे ना, हे पाहण्यास विसरू नये. गर्भलिंगनिदानास बंदी घालणारा १९९४ चा केंद्रीय कायदा सोनोग्राफीच्या यंत्रालाच लागू होतो, मग तेथे गुडघे तपासले जात असोत की गर्भ.

गोवंडी ज्या एम-पूर्व विभागात मोडते, तेथे क्षयाचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. क्षय केवळ फुप्फुसांना होतो असा समज असल्याने मणक्याचा, खुब्याचा किंवा गुडघ्याचा क्षय फार उशिरा ध्यानात येतो. महिनोन्‌महिने एकच सांधा सुजलेला, फारसा लाल नाही, गरम नाही, मलम आणि वेदनाशामक गोळ्यांवर दिवस ढकलले जातात आणि तोवर सांध्याची झीज होऊन बसते. अशा वेळी सोनोग्राफी सांध्यातील पाणी किंवा स्नायूत साठलेला पू दाखविते आणि सुई नेमकी तेथपर्यंत नेण्यास साहाय्य करते. मात्र पू क्षयाचा आहे की अन्य जंतूंचा, हे पडद्यावरून ठरत नाही. काढलेला नमुना प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे. एक सांधा काही आठवडे सुजलेला राहिला, बारीक ताप येत असला, वजन उतरत असले, तर गोळ्या बदलत बसू नये. ऐकू न येणाऱ्या आवाजाचा या वस्तीला खरा उपयोग असेल तर तो येथे.

लाँजव्हँ यांचे उत्तरायुष्य प्रयोगशाळेच्या चार भिंतींत मावणारे नव्हते. नगरपालिका विद्यालयाचे ते संचालक झाले. तेथील फ्रेडरिक जोलिओ नावाच्या हुशार विद्यार्थ्याला त्यांनी मेरी क्युरींकडे धाडले. तोच पुढे क्युरींचा जावई, नोबेल विजेता आणि फ्रेंच अणुऊर्जा आयोगाचा पहिला प्रमुख झाला. या आयोगाशी भारताने १९५१ मध्ये सहकार्याचा करार केला. भारताच्या अणुसंशोधनाचे केंद्र नंतर ज्या तुर्भ्यात उभे राहिले, ते गोवंडीला लागूनच. हिटलरच्या उदयानंतर १९३४ मध्ये फॅसिझमविरोधी बुद्धिवंतांची समिती स्थापन झाली, तीत लाँजव्हँ अग्रभागी होते. चीनमधील शिक्षणाची पाहणी करण्यासाठी राष्ट्रसंघाने पाठविलेल्या मंडळातही त्यांचा समावेश होता. विज्ञान समजणारा नागरिक सहजी फसविला जात नाही, या विश्वासाने ते शिक्षणाकडे पाहत.

जून १९४० मध्ये पॅरिस जर्मनांच्या हाती पडले. ३० ऑक्टोबरला ६८ वर्षांच्या लाँजव्हँ यांना अटक होऊन त्यांची रवानगी सांते तुरुंगात झाली. त्यांच्या अटकेच्या निषेधार्थ विद्यार्थी ८ नोव्हेंबरला एकत्र आले आणि तीनच दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, विजय कमानीपाशी तरुणांची मोठी निदर्शने झाली. व्याप्त पॅरिसमधील प्रकट प्रतिकाराच्या पहिल्या घटनांत त्यांची गणना होते. महिन्याहून अधिक काळ कोठडीत ठेवल्यावर लाँजव्हँ यांना त्रॉय या गावी नजरकैदेत पाठविण्यात आले. जगविख्यात प्राध्यापक तेथे मुलींच्या शाळेत शिकवू लागला.

घरावरचे घाव मात्र थांबले नाहीत. त्यांचे जावई जाक सोलोमाँ हे स्वतः पदार्थवैज्ञानिक आणि भूमिगत चळवळीतील कार्यकर्ते. २३ मे १९४२ रोजी जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या. मुलगी एलेन हिला जानेवारी १९४३ मध्ये आउश्‌वित्सच्या छळछावणीत धाडण्यात आले. तिच्या गाडीतून गेलेल्या २३० स्त्रियांपैकी जिवंत परतल्या त्या ४९. एलेन त्यांपैकी एक. अनेक महिने वडिलांना तिची वार्ता नव्हती. मे १९४४ मध्ये सहकाऱ्यांनी बनावट कागदपत्रांच्या आधारे लाँजव्हँ यांना सीमेपार स्वित्झर्लंडला पोहोचविले. पॅरिस मुक्त झाल्यावर ते परतले, जावयाच्या कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले आणि फ्रान्सच्या शिक्षणपद्धतीच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष झाले. मूल कोणत्या घरात जन्मले यावर त्याचे शिक्षण अवलंबून राहू नये, हे त्या योजनेचे सूत्र होते. आयोगाचा अहवाल १९४७ मध्ये सादर झाला तेव्हा ते हयात नव्हते. १९ डिसेंबर १९४६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांचे अवशेष मित्र जाँ पेरँ यांच्यासह पाँतेओंमध्ये, फ्रान्सच्या थोरांच्या समाधिस्थळी, समारंभपूर्वक नेण्यात आले. ज्यांनी त्यांना क्वार्ट्‌झ हाताळायला शिकविले ते पिएर क्युरी आणि मेरी क्युरी तेथे आले ते एप्रिल १९९५ मध्ये, सेहेचाळीस वर्षांहून अधिक काळाने.